जिथे कोसळले, तिथे नव्हे

काही वर्षांपूर्वी एका जुन्या समीक्षाग्रंथाची शब्दसूची संगणकाकडून करून घ्यावी, असे आम्ही आणि आमच्या एका तरुण सहकाऱ्याने ठरवले. सी भाषेत प्रोग्रॅम लिहिला. शब्द वेचून साठवण्याचा भाग आमचा, त्यांची मोजदाद करून यादी छापण्याचा सहकाऱ्याचा. चार-दोन ओळींच्या नमुन्यांवर प्रोग्रॅम नीट चालला. संपूर्ण ग्रंथ दिला, तेव्हा ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ एवढेच उमटवून थांबला. कोसळला तो सहकाऱ्याच्या भागात. आम्ही त्याला जरा कठोरपणेच बोललो. बिचारा मुकाट्याने आपल्या ओळी पुन:पुन्हा तपासत राहिला.

अखेर आम्ही जीडीबी उघडला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिलेला हा डीबगर. ना चित्रे, ना बटणे. एक रिकामी ओळ, आणि आपण विचारू तेवढेच उत्तर. प्रोग्रॅम कंपाइल करताना ‘जी’ हा पर्याय दिला असला, की तो कोसळल्याची ओळ मूळ लिखाणासह दाखवतो. ‘रन’ म्हटले, मग ‘बॅकट्रेस’ म्हटले. कोणत्या फंक्शनला कोणी बोलावले, याची वंशावळ समोर आली. सर्वांत वर सहकाऱ्याचेच फंक्शन! आमचा निकाल जणू कायम झाला. मात्र ‘प्रिंट’ करून पाहिले, तर त्या फंक्शनच्या हाती पडलेला पुढच्या शब्दाचा पत्ताच मुळी भलता होता. तो कोणी बिघडवला?

त्यासाठी ‘वॉच’ ही आज्ञा आहे. मेमरीतल्या एका जागेवर पहारा बसवायचा. तिथले मूल्य बदलताच डीबगर थांबतो आणि जुने व नवे मूल्य दाखवतो. प्रोग्रॅम पुन्हा चालवला. थांबला तो आमच्या फंक्शनमध्ये, ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द साठवताना. इंग्रजीच्या सवयीने एक अक्षर म्हणजे एक बाइट असे धरून आम्ही प्रत्येक शब्दाला ३२ बाइट राखले होते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. व्यंजन, काना, मात्रा, हलन्त, सारी चिन्हे वेगळी. ‘महाराष्ट्र’ची चिन्हे १०, म्हणून तो ३० बाइटांत मावला. ‘ज्ञानेश्वरी’ची चिन्हे ११, बाइट ३३, अखेरचे शून्य धरून ३४. जास्तीचे दोन बाइट शेजारच्या पत्त्यावर सांडले होते.

शोकांतिकेचे कारण शेवटच्या अंकात शोधू नये, मागची पाने उलटावीत, असे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. स्वत:वर वेळ आली तेव्हा मात्र शेवटचे पान पाहून निकाल दिला.

शब्दाचे बाइट मोजून तेवढीच जागा घ्यायची, ही दुरुस्ती दोन ओळींची होती. सहकाऱ्याची क्षमा मागणे तितके सोपे गेले नाही. तो हसला आणि म्हणाला, “सर, आता माझ्याही ओळींवर एकदा पहारा बसवून पाहू या.”