घरभाडे, प्राप्तिकर आणि एकत्र कुटुंब

प्राप्तिकराचा विषय कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या मासिकात कशास, असे काही वाचकांस वाटेल. परंतु ज्या घरी वडिलार्जित वाडा आहे, त्यातील काही गाळे वा खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत आणि ते भाडे एका हाती येऊन अनेकांच्या उपयोगी पडते, त्या घरी हा विषय वर्षातून एकदा तरी जेवणाच्या पानावर निघतोच. कर कमी कसा करता येईल, हा प्रश्न गैर मुळीच नाही. कायद्याने दिलेली वजावट घेणे हा गृहस्थाचा हक्क आहे; ती न घेणे हे औदार्य नव्हे, निव्वळ आळस होय. मात्र या प्रश्नाचे उत्तर शोधताना माणसे कायद्याच्या वाटेवरून केव्हा उतरतात आणि त्यापायी घराचेच कसे नुकसान करून घेतात, याचा विचार कुटुंबांतून क्वचितच होतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

१८५७ च्या उठावानंतर सरकारी तिजोरीस आलेली तूट भरून काढण्याकरिता जेम्स विल्सन याने १८६० साली या देशात प्राप्तिकर बसविला. पुढे १९२२ चा, १९६१ चा आणि ज्याचा अंमल १ एप्रिल २०२६ पासून ठरला तो २०२५ चा, असे कायदे होत गेले. तरी एक गोष्ट कायम राहिली. ती ही की, 'हिंदू अविभक्त कुटुंब' हा त्यातील माणसांहून निराळा, स्वतंत्र करदाता मानला जातो. या कल्पनेचे मूळ आपल्या धर्मशास्त्रात आहे. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या कल्याणी येथील राजधानीत विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. पित्याच्या व पितामहाच्या धनावर जन्मतःच ज्याचा हक्क उत्पन्न होतो तो अप्रतिबंध दाय, आणि धनी निपुत्रिक वारल्यावर जो इतर आप्तांकडे जातो तो सप्रतिबंध दाय, असा भेद त्याने सांगितला. वाडा कोणा एकाचा नसून कुळाचा, ही कल्पना अप्रतिबंध दायातून आली; आणि सुमारे नऊ शतकांनंतर तीच कल्पना बंगळूरच्या केंद्रात संगणकावर तपासल्या जाणाऱ्या विवरणपत्रात उतरलेली आहे.

तथापि वडिलांकडून आलेले प्रत्येक घर 'कुटुंबाचे' होते, असा जो समज आहे तो बरोबर नाही. वडिलांनी स्वकष्टाने बांधलेले घर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याखाली मुलाकडे आले, तर ते त्याची खाजगी मिळकत होते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली ठरविले. त्याचे भाडे त्याच्या स्वतःच्या विवरणपत्रातच दाखवावयाचे. दुसरी गोष्ट अशी की, ९ सप्टेंबर २००५ पासून कन्यादेखील पुत्राप्रमाणेच जन्मतः सहदायाद झाली. आणि त्या दिवशी पिता हयात असण्याची आवश्यकता नाही, असा निर्वाळा २०२० साली त्याच न्यायालयाने दिला. जे विज्ञानेश्वराने पुत्रास दिले, ते आता कन्येसही मिळाले आहे.

आमचा वाईचा वाडा पणजोबांच्या वेळचा आहे व खरोखरच कुळाचा आहे. वडील बंधू व वहिनी वारल्यापासून कर्तेपण मजकडे आले. वाड्याचे चार भागीदार: पुण्यास नोकरीत असलेला, थोरल्या बंधूंचा एकुलता एक मुलगा, मी, धाकटे बंधू आणि इंदूरला दिलेली आमची बहीण. रस्त्याकडील गाळे व वरचा मजला मिळून महिना पंच्याहत्तर हजार, म्हणजे वर्षास नऊ लक्ष रुपये भाडे येते. गतवर्षी पुतण्या एक कागद घेऊन आला. "काका, कुटुंबाच्या नावावर नऊ लाख दाखविले तर एकतीस हजार दोनशे रुपये कर बसतो. त्यापेक्षा भाडे तुमच्या, धाकट्या काकांच्या आणि दोन्ही काकूंच्या नावे चार ठिकाणी दाखवू. तुमची उत्पन्ने बारा लाखांच्या आतली. कोणालाच कर पडणार नाही. वाडा आहे तसाच राहील." त्याच्या कागदात त्याचे स्वतःचे नाव नव्हते, कारण त्याचे उत्पन्न चोवीस लाखांच्या वर आहे, आणि त्याच्या आत्याचेही नव्हते. हेतू वाईट नव्हता. चार पैसे घरात राहावेत, एवढेच त्याच्या मनात होते.

प्रथम मी त्याचा हिशेब पाहिला. त्याने भाड्याची सगळीच रक्कम उत्पन्न म्हणून धरली होती. कायदा तसे सांगत नाही. मालकाने त्या वर्षी प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी आधी वजा होते. नुसती देणे असलेली घरपट्टी वजा होत नाही, म्हणून ती ३१ मार्चपूर्वी भरणे इष्ट. भाड्याच्या भागाची आमची घरपट्टी चाळीस हजार; राहिले ८,६०,०००. त्यातून दुरुस्ती वगैरेंकरिता शेकडा तीस सरसकट वजा होतात, मग खिळाही न ठोकलेला असो वा कौले नवी घातलेली असोत. म्हणजे २,५८,००० गेले, ६,०२,००० उरले. याशिवाय भाड्याने दिलेल्या भागाच्या बांधणीकरिता वा दुरुस्तीकरिता काढलेल्या कर्जाचे व्याजही वजा होते. वरच्या मजल्याच्या तक्तपोशीकरिता घेतलेल्या कर्जाचे त्या वर्षीचे व्याज १,०२,००० होते. बाकी राहिले पाच लक्ष. २०२५-२६ च्या नव्या पद्धतीत पहिल्या चार लाखांवर कर नाही व पुढील चार लाखांवर शेकडा पाच. म्हणजे एक लाखावर पाच हजार, आणि शेकडा चार उपकर धरून एकूण ५,२०० रुपये. एकतीस हजारांचा कर कोणतीही युक्ती न करता, केवळ कायदा नीट वाचल्याने, पाच हजारांवर आला.

"पण व्यक्तीला तर बारा लाखांपर्यंत काहीच पडत नाही!" असे तो म्हणाला. हेही खरे आहे. ती सूट येथे राहणाऱ्या व्यक्तीस आहे, अविभक्त कुटुंबास नाही. मग भाडे व्यक्तींच्या नावे का करू नये? याचे उत्तर असे की, कायदा नाव विचारीत नाही, मालकी विचारतो. ज्या कुटुंबास पूर्वी अविभक्त म्हणून कर लागलेला आहे, ते पूर्ण वाटणी झाल्याचे कर अधिकाऱ्याने चौकशी करून नमूद करीपर्यंत अविभक्तच समजले जाते. ३१ डिसेंबर १९७८ नंतरची अपुरी वाटणी करापुरती ग्राह्य नाही. आणि पूर्ण वाटणी म्हणजे मिळकतीचे, शक्य तेथे, प्रत्यक्ष भाग पाडणे. वाडा एकत्र ठेवून भाडे तेवढे वाटून दाखविणे ही कायद्याच्या लेखी वाटणीच नव्हे.

मग खरीच वाटणी करावी काय? तिला कायद्याची आडकाठी नाही, आणि अशा वाटणीत मिळकत वाट्यास आली म्हणून भांडवली नफ्याचा करही लागत नाही. परंतु खऱ्या वाटणीत खरे भागीदार लिहावे लागतात. पाच लाखांचा चौथा हिस्सा, सव्वा लाख, पुतण्याच्या उत्पन्नात मिळाला असता; त्यावर शेकडा तीस व उपकर मिळून एकोणचाळीस हजार रुपये कर एकट्या त्यालाच पडला असता. उलट कुटुंबाच्या उत्पन्नातून त्याच्या हाती जो पैसा येतो, त्यावर त्यास पुन्हा कर नाही. एकत्र राहिल्याने सगळ्यांचा मिळून ५,२००, वेगळे झाल्याने एकाचा ३९,०००! हा आकडा मी त्याच्याच कागदाच्या पाठीवर मांडून दिला. प्रत्येक घरी हिशेब असाच निघेल असे मात्र नाही. कोठे वाटणीच फायद्याची ठरेल. पण तो खऱ्या हिश्शांवर मांडलेला असावा.

राहिली आत्या. "आत्याला काही नको आहे, तिने मागेच सांगितले आहे," असे पुतण्याने म्हटले. मी इंदूरला फोन केला. ताई सत्तरीच्या आहेत. गौरीगणपतीस न चुकता वाईस येतात. त्या शांतपणे म्हणाल्या, "कदाचित नको म्हणेनही. पण नको म्हणण्यापुरते तरी माझे नाव कागदावर असायला हवे ना?" यावर कोणासच काही बोलता आले नाही. हक्क सोडणे हा देखील हक्कच आहे, आणि तो ज्याचा त्यानेच बजावावयाचा असतो. आपण तो परस्पर सोडून मोकळे होणे हे कायद्याने लंगडे आहे, आणि बहिणीच्या मनास लागणारे आहे हे निराळे सांगावयास नको.

अशाच आणखी काही युक्त्या गावोगाव सांगितल्या जातात. स्वतःचे घर पत्नीच्या नावे बक्षीस दिले, तरी भाड्यापुरता मालक पतीच समजला जातो. स्वकष्टाची सदनिका कुटुंबाच्या सामाईक मिळकतीत टाकली, तरी तिचे उत्पन्न टाकणाऱ्याच्याच नावे धरले जाते. निम्मे भाडे रोख घेऊन पावती निम्म्याची देणे, याला तर युक्ती हे नाव देणेही योग्य नाही. याउलट सरळ वाट मोकळी आहे. पतिपत्नींनी दोघांच्या कमाईतून घर घेतले व खरेदीखतात हिस्से स्पष्ट लिहिले, तर प्रत्येकास आपापल्या हिश्शापुरताच कर पडतो आणि वजावटही तशीच मिळते. दोन घरे स्वतःच्या राहण्याकरिता ठेवली, तर त्यांचे उत्पन्न शून्य धरतात. व्याज भाड्याहून अधिक होत असेल, तर जुन्या पद्धतीत तो तोटा दोन लाखांपर्यंत इतर उत्पन्नातून वजा करता येतो, नव्यात येत नाही. म्हणून कर्ज काढून भाड्याकरिता सदनिका घेणाऱ्याने दोन्ही पद्धतींनी गणित मांडून पाहावे. राहते घर विकून आलेला नफा विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरे राहते घर घेण्यात, किंवा तीन वर्षांत ते बांधण्यात घातला, तर दहा कोटींच्या मर्यादेपर्यंत त्या नफ्यावर करमाफी मिळते. ही सवलत अविभक्त कुटुंबासही आहे.

या सर्व नियमांत मला एकच सूत्र दिसते. सत्य जसे आहे तसे लिहिणाऱ्यास कायद्याने बरीच सूट दिली आहे, आणि कागदावर निराळे सत्य रचणाऱ्याचे ते रचलेले सत्य मोडून काढण्याची तरतूदही करून ठेवली आहे. शिवाय कर अधिकाऱ्याच्या दृष्टीतून असा कागद सुटला, तरी घरातील माणसांच्या दृष्टीतून तो सुटत नाही. आज करापुरते लिहिलेले नाव उद्या मालकीचा पुरावा म्हणून पुढे येते, आणि करापुरते गाळलेले नाव हक्क नसल्याचा. भावाभावांतील किती दावे अशा 'नुसत्या कागदां'वरून उभे राहतात, हे जिल्हा न्यायालयाच्या पायरीवर तासभर बसणाऱ्यास कळेल.

आमचा वाडा तूर्त एकत्रच आहे. घरपट्टी मार्चपूर्वी भरली, व्याजाचा दाखला पतपेढीतून आणला आणि ५,२०० रुपये कर भरला. कुटुंबाच्या कागदपत्रांत भागीदारांची यादी मात्र मी पुतण्याकडून नव्याने लिहून घेतली. तीत चार नावे आहेत. तिसरे नाव त्याने आपल्या हाताने, पूर्ण, इंदूरच्या पत्त्यासह लिहिले आहे. पुढे वाटणी करावयाची झाल्यास ती याच यादीवरून होईल, आणि आत्यांनी हक्क सोडलाच तर तो त्यांच्या सहीने सुटेल.