चेन्नईहून गोदावरीपर्यंत, पाण्यावरून

चेन्नईला जाणाऱ्या मराठी कुटुंबाची यादी साधारण ठरलेली असते. मरीनाचा समुद्रकिनारा, मैलापूरचे कपालीश्वराचे मंदिर, एक दिवस महाबलिपुरम आणि उरलेला सगळा वेळ कांजीवरम साड्यांच्या दुकानात. या धावपळीत चेपॉकपासून मैलापूरपर्यंत उंच खांबांवरून धावणाऱ्या लोकल गाडीत बसण्याचा योग आला, तर खिडकीतून खाली एक काळपट पाण्याचा पट्टा दिसतो. वास आला की हात आपोआप नाकाशी जातो. गटार असावे असे समजून प्रवासी मान फिरवतात.

ते गटार नव्हे. तो बकिंगहॅम कालवा आहे. एके काळी या पाण्यावर होडीत बसलेला माणूस समुद्राचे तोंडही न पाहता थेट कृष्णेला, आणि तिथून पुढे गोदावरीला पोचू शकत असे. महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा आणि त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी या आपल्या दोन नद्या अशा प्रकारे चेन्नईशी पाण्याने जोडलेल्या होत्या.

२०२३ च्या जानेवारीत वाराणसीहून दिब्रुगडला निघालेल्या 'गंगा विलास' या प्रवासी जहाजाने ५१ दिवसांत सुमारे ३,२०० किलोमीटरचा नदीप्रवास केला, तेव्हापासून नदीतून दूरवर जाण्याची हौस अनेकांच्या मनात जागी झाली आहे. दक्षिणेतही असा प्रवास करता येईल का? नकाशा मांडून, वही-पेन्सिल घेऊन बसले, तर काय दिसते?

कागदावरचा मार्ग

कागदावर हा मार्ग आजही आहे. २००८ साली केंद्र सरकारने तो 'राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ४' म्हणून जाहीर केला. लांबी १,०७८ किलोमीटर. काकिनाडा ते पुदुच्चेरी या कालव्यांच्या साखळीबरोबर गोदावरीचा भद्राचलम ते राजमहेंद्री हा १७१ किलोमीटरचा आणि कृष्णेचा वजिराबाद ते विजयवाडा हा १५७ किलोमीटरचा भाग त्यात धरला होता. पुढे २०१६ च्या कायद्याने देशातील राष्ट्रीय जलमार्गांची संख्या १११ झाली आणि हा मार्गही आणखी वाढवण्यात आला.

चेन्नईहून उत्तरेला निघायचे तर हिशेब असा. उत्तर बकिंगहॅम कालवा पेद्दगंजामपर्यंत ३१६ किलोमीटर. तिथून कृष्णेपर्यंत कोम्मामूर कालवा ११३ किलोमीटर. विजयवाड्याला कृष्णा ओलांडली की एलुरू कालवा १३९ किलोमीटर, तो गोदावरीला नेऊन सोडतो. गोदावरीपलीकडे काकिनाडा कालवा आणखी ५०. एकूण ६१८ किलोमीटर.

कालव्यात मोटरबोट सुसाट नेता येत नाही. वेग वाढला की मागे उठणाऱ्या लाटा मातीचे काठ खातात. ताशी आठ-नऊ किलोमीटर आणि दिवसाला सहा तास धरले, तर रोज पन्नास किलोमीटर होतात. म्हणजे काकिनाड्याला पोचायला साधारण तेरा दिवस. रेल्वेने एका रात्रीत होणाऱ्या प्रवासाला तेरा दिवस! पण अशा प्रवासाची मौज त्या तेरा दिवसांतच असते.

मुहूर्तही नीट पाहावा लागतो. आपल्याकडे पावसाळा जूनपासून, पण चेन्नईकडे मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर आणि वादळेही त्याच दिवसांत. उन्हाळ्यात पुलिकत सरोवराचे पाणी उतरते आणि कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यातील कालवे दुरुस्तीसाठी बंद ठेवले जातात. उरतात ते जानेवारी ते मार्च हे तीन महिने.

बोट कशी हवी? भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी लाँच इथे चालणार नाही. तळ उथळ हवा, कारण गाळ किती साचला आहे याचा भरवसा नाही. टप बुटके हवे, कारण पूल ठेंगणे आहेत. गोड्या पाण्याच्या कालव्यांत जलपर्णी असते. ती पंख्यात अडकली की इंजिन बंद पडते. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी १९७७ साली सागराकडून गंगेच्या उगमाच्या दिशेने निघाले, तेव्हा त्यांनी पाण्याचा झोत मागे फेकून पळणाऱ्या जेट बोटी निवडल्या. बोटीखाली फिरणारा पंखाच नसल्याने उथळ पाण्यातही त्या चालल्या. शिवाय बोटीची नोंदणी, तपासणी आणि परवाना असलेला चालक या गोष्टी २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याखाली येतात. त्या टाळून चालत नाही.

दुष्काळाने खोदलेला दुवा

हा मार्ग एका दिवसात झाला नाही. कोरोमंडलचा किनारा सरळसोट आहे. आडोशाची खाडी क्वचित आणि लाटा दांडग्या. लहान होड्यांनी समुद्रातून माल नेणे जिवावरचे काम. म्हणून किनाऱ्याला समांतर, थोडे आत, खारे पाणी खेळवणारा कालवा काढण्याची कल्पना निघाली. बॅसिल कॉक्रेन या व्यापाऱ्याने १८०६ साली मद्रास ते एन्नोर हा पहिला तुकडा काढला. पुढे तो पुलिकतला भिडला. १८३७ साली सरकारने तो ताब्यात घेतला आणि उत्तरेला कृष्णेच्या खोऱ्याकडे, दक्षिणेला मरक्काणमकडे वाढवत नेला.

मात्र खुद्द मद्रास शहरात एक खंड राहिला होता. कूवम आणि अड्यार या दोन नद्यांच्या मधले सुमारे आठ किलोमीटर अंतर खोदायचे बाकी होते. ते काम १८७७-७८ मध्ये झाले, आणि ते करणारे हात दुष्काळग्रस्तांचे होते. हाच तो भयंकर दुष्काळ, ज्याने आपल्याकडे सोलापूर, सातारा, पुणे या जिल्ह्यांतही हाहाकार उडवला. १९७२ ची दुष्काळी कामे पाहिलेल्या मराठी वाचकाला ते चित्र वेगळे सांगायला नको. पोटासाठी मैलोन्‌मैल चालत आलेली माणसे, डोक्यावर मातीच्या पाट्या. कालव्याला नाव मात्र मिळाले तेव्हाचे मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांचे.

कालवा जोडला गेला आणि मद्रासची चूल त्यावर पेटू लागली. श्रीहरिकोट्याच्या जंगलातले सरपण, मिठागरांचे मीठ, भात, भाजीपाला, मासळी सारे होड्यांतून शहरात येई. वारा असला की शीड, नसला की काठावरून दोन-तीन माणसे दोर खांद्यावर घेऊन होडी ओढत. नदी आडवी आली की दोन्ही काठांना पाण्याची पातळी वरखाली करणारे दरवाजे असत, त्यातून होडी पार होई. थोर तमिळ कवी भारतीदासन यांनी याच कालव्यातून महाबलिपुरमपर्यंत केलेल्या होडीच्या सफरीवर कविता लिहिली आहे.

मार्ग तुटतो कुठे?

मग आज हा प्रवास का होत नाही? १९६५ आणि १९६६ च्या चक्रीवादळांनी कालव्याचे फार नुकसान केले. तोवर लॉरी आणि रेल्वेने माल पळवला होता. दुरुस्तीची निकड कोणाला वाटली नाही. गाळ साचत गेला, दरवाजे गंजले, काठावर वस्त्या झाल्या आणि शहराचे सांडपाणी कालव्यात सोडले जाऊ लागले.

खरा घाव बसला तो शहराच्या मध्यावर. चेन्नईच्या उन्नत लोकल रेल्वेचा पहिला टप्पा १९९५ साली सुरू झाला आणि २००७ मध्ये ती वेलचेरीला पोचली. घनदाट शहरात मोकळी जागा कुठली? कालव्याची! त्यामुळे रेल्वेचे खांब आणि स्थानके थेट कालव्यात उभी राहिली. पात्र बरेच अरुंद झाले. ज्या आठ किलोमीटरसाठी दुष्काळातल्या माणसांनी घाम गाळला होता, नेमक्या त्याच पट्ट्यात आता होडीला वाट नाही. उत्तरेचा कालवा आणि दक्षिणेचा कालवा पुन्हा एकदा वेगळे झाले आहेत.

रेल्वेने लाखो लोकांची सोय झाली, हे नाकारता येणार नाही. तेरा दिवसांच्या हौशी सफरीसाठी कोणी लोकल बंद करा म्हणणार नाही. पण कालवा बुजण्याची किंमत निराळ्याच रूपाने वसूल झाली.

२००४ साली २६ डिसेंबरला त्सुनामी आली, तेव्हा पेद्दगंजामपासून चेन्नईपर्यंतच्या किनाऱ्यावर या कालव्याने आत घुसलेले पाणी पोटात घेतले. काही ठिकाणी तो भरून वाहिला आणि पाणी पुन्हा समुद्राकडे परतले. किनाऱ्यामागच्या कित्येक वस्त्यांना त्याने आडोसा दिला. उलट २०१५ च्या डिसेंबरात आणि पुन्हा २०२३ च्या 'मिचौंग' वादळात चेन्नई बुडाली, तेव्हा पाण्याला वाटच सापडेना. दक्षिण चेन्नईचे पावसाचे पाणी पळ्ळिकरणैच्या दलदलीतून ओक्कियम मडुवु या ओढ्याने बकिंगहॅम कालव्यात येते आणि मुट्टुकाडूजवळ समुद्राला मिळते. कालवाच तुंबला असेल तर ते पाणी घराघरांत शिरणार. त्याच मिचौंगच्या दिवसांत उत्तरेला एन्नोरच्या खाडीत तेल पसरले आणि मासेमारांच्या जाळ्या, होड्या काळ्या झाल्या. या लोकांसाठी कालवा आणि खाडी म्हणजे रोजची भाकरी आहे.

सफरीची आखणी करताना हाच धडा मिळतो. होडी जायला जेवढी खोली, जेवढी रुंदी आणि जेवढे मोकळे पात्र लागते, तेवढेच पुराचे पाणी जायलाही लागते. जिथे होडी अडते, तिथे पूरही अडतो. राष्ट्रीय जलमार्गाचा आग्रह धरायचा तो पर्यटकांच्या चैनीपेक्षा या कारणासाठी.

जमेल तेवढे, तुकड्यातुकड्याने

सलग प्रवास आज शक्य नसला, तरी त्याचे तुकडे जोडून सुट्टी छान आखता येते.

पहिला दिवस लोकलचा. चेपॉकला बसावे आणि तिरुवान्मियूरला उतरावे. वाटेत कालवा कधी पायाखाली, कधी शेजारी दिसत राहतो. ही माहिती असली की त्या काळ्या पाण्याकडे बघण्याची नजर बदलते.

दुसरा दिवस मुट्टुकाडूचा. महाबलिपुरमच्या रस्त्यावर सुमारे ३५ किलोमीटरवर तामिळनाडू पर्यटन विकास महामंडळाचे नौकाविहार केंद्र आहे. इथे पाणी रुंद आणि मोकळे आहे. मोटरबोट मिळते, अंगात घालायला जॅकेटही मिळते. शेजारीच 'दक्षिणचित्र' हे दक्षिणेतील जुन्या घरांचे संग्रहालय आहे. मुलांना ते नक्की आवडेल.

तिसरा दिवस उत्तरेला, पुलिकतचा. तमिळमध्ये या गावाला पळवेरकाडू म्हणतात. देशातले हे दुसऱ्या क्रमांकाचे खाऱ्या पाण्याचे सरोवर. सतराव्या शतकात डचांनी इथे वखार आणि किल्ला बांधला. त्यांच्या कोरीव थडग्यांची दफनभूमी अजून आहे. हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे थवे उतरतात. पलीकडे श्रीहरिकोटा. एके काळी सरपण पाठवणाऱ्या या बेटावरून आता अग्निबाण उडतात. मात्र पुलिकतला कोणी होडीत बसवायला तयार झाला, तरी मोह आवरावा. २०११ च्या नाताळात सहलीला आलेल्या कुटुंबांची होडी इथे उलटली आणि वीसहून अधिक माणसे बुडाली. कोणाच्याही अंगात जॅकेट नव्हते. सरोवर काठावरूनही तितकेच सुंदर दिसते.

आणखी चार दिवस हाताशी असतील तर विजयवाडा आणि राजमहेंद्री गाठावी. विजयवाड्याला प्रकाशम बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला कृष्णेतील भवानी बेटावर बोट जाते. २०१७ मध्ये मुक्त्याला ते विजयवाडा या ८२ किलोमीटरच्या टप्प्यापासूनच जलमार्गाच्या कामाला सुरुवात झाली. राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला आर्थर कॉटन यांनी १८४७ ते १८५२ या काळात गोदावरीवर घातलेल्या बंधाऱ्याच्या जागी आजचा बंधारा उभा आहे. वर पापीकोंडलूच्या डोंगरांमधून गोदावरी वाट काढते, तो देखावा बोटीतूनच पाहावा असा. पण २०१९ च्या सप्टेंबरात पूर असतानाही निघालेली पर्यटकांची बोट तिथेच बुडाली, हे विसरू नये. नदीला पाणी चढले असेल तर तिकिटाचे पैसे सोडावेत आणि परतावे.

कृष्णेचे पाणी मात्र आजही चेन्नईला पोचते, तेही होडीवाचून. १९७६ साली महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश यांनी आपापल्या वाट्यातील पाच-पाच टीएमसी पाणी तहानलेल्या मद्रासला देऊ केले. 'तेलुगू गंगा' कालव्यातून ते १९९६ मध्ये पूंडीच्या तलावात पहिल्यांदा आले. तेव्हा चेन्नईच्या पाहुणचारात समोर आलेल्या पाण्याच्या तांब्यात थोडा सह्याद्रीचा पाऊसही असू शकतो. होडीची वाट बंद झाली असली तरी नाते तुटलेले नाही. बुजलेला कालवा उपसला गेला, तर त्या शहरातील माणसांना डिसेंबरच्या पावसात निर्धास्त झोप लागेल, आणि एखाद्या जानेवारीत एखादी उथळ तळाची मोटरबोट चेन्नईहून गोदावरीकडे निघेलही.