ढोलाआधीची पिशवी

मैत्रिणींनो, पुण्याला आलात की तुम्ही शनिवारवाडा पाहताच. पुढच्या खेपेला आणखी थोडं चाला. वाड्यापासून पश्चिमेला ओंकारेश्वर, जवळच वर्तक बाग आणि खाली मुठेचं पात्र. पावसाळ्यात संध्याकाळी आलात, तर आधी दणदणाट ऐकू येईल, मग ढोल दिसतील. गणपतीच्या आधी महिना-दोन महिने पथकांचा सराव नदीकाठी चालतो.

हीच ती नदी. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, तेव्हा शनिवार पेठेतल्या कितीतरी वाड्यांत पाणी शिरलं. आजही खडकवासल्यातून जास्त पाणी सोडलं, की पात्रातला रस्ता बंद आणि सरावालाही सुट्टी!

मुलींना ढोल घेऊन मिरवणुकीत आणणाऱ्यांत शेजारच्या सदाशिव पेठेतल्या ज्ञान प्रबोधिनीचं नाव आवर्जून घ्यावं लागतं. आता तर पथकापथकांत मुली, सुना, आयासुद्धा दिसतात. मी स्वतः चाळिशी उलटल्यावर गेले. "या वयात?" म्हणून घरी जरा हसलेच सगळे.

गेल्या वर्षी आमच्याकडे एक नवी सून आली होती. हात छान बसत होता. पण चौथ्या दिवशी आलीच नाही. तळव्याला फोड आले होते, कंबर धरली होती, शिवाय घरी परतायला रात्र झाली म्हणून बोलणी बसली होती. बिचारीला वाटलं, आपल्यालाच जमत नाही. अहो, फोड तर सगळ्यांनाच येतात! पण हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती रुखरुख मला वर्षभर लागून राहिली.

म्हणून यंदा नव्यांसाठी जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवल्या. आत काय घातलं म्हणता? बोटांना गुंडाळायला चिकटपट्टी. ढोल कमरेला घासतो, तिथे घडी करून ठेवायला मऊ सुती कापड. कानात घालायचे रबरी बोळे, कारण नुसता कापूस या आवाजाला पुरत नाही. खजूर आणि गूळ-शेंगदाण्याची पुडी. सोबत एक चिठ्ठी: नखं कापा, अंगठ्या-बांगड्या घरी ठेवा, मंगळसूत्र कपड्याच्या आत घ्या, पाण्याची बाटली आणा. फोड फोडू नका. हात स्वच्छ धुऊन झाकून ठेवा. पहिले काही दिवस ढोल कमरेला न बांधता नुसता ठेका शिका. एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थाप; दोन्ही हात जुळायला वेळ लागतो. ढोलाची दोरी ताणायलाही शिका. ढोल ओढण्याचं काम पुरुषांचं, असं कुठे लिहून ठेवलेलं नाही.

आणि दुसरी चिठ्ठी घरच्यांसाठी. सराव कुठे, किती वाजता सुटतो, पेठेतून घरापर्यंत सोबत कोण येणार, कुणाचा फोन नंबर. शेवटी लिहिलं, 'एकदा बघायला जरूर या.' खरं सांगू? पिशवीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू हीच. काळजी आणि विरोध दिसायला सारखेच असतात. काळजी असेल, तर ती नीट माहिती मिळाली की निम्मी होते.

एक पिशवी घेऊन मी त्या सुनेच्या घरी गेले. सासूबाईंनी दार उघडलं. चिठ्ठी चष्मा लावून दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "सोबत असते, हे आधी सांगायचं नाही का?" परवा ती आली. पहिल्याच दिवशी पुन्हा फोड आला. या वेळी मात्र तिने हसून पट्टी गुंडाळली.

तुमच्या गावात ढोल नसेल, भजनी मंडळ असेल, शिवणवर्ग असेल. नवी बाई दारात उभी राहिली, की तिच्यासाठी अशी एक पिशवी तयार ठेवा. नाही जमली पिशवी, तर निदान एवढं सांगा, "पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच दुखतं गं!"