पात्याचे पाणी

तेजस्वी माणसास आपण पाणीदार म्हणतो. हा शब्द लोहाराच्या भात्याजवळचा आहे. तापविलेले पाते विझवून कठीण करणे यास पाणी देणे म्हणतात. परंतु सर्वच पोलादांस पाणी मानवत नाही, हे आम्हांस कोणत्याही कोशाने सांगितले नाही. ते राजूरच्या एका वृद्ध लोहाराने सांगितले.

राजूर हे यवतमाळ जिल्ह्यात वणीजवळचे, कोळशाच्या खाणीमुळे ओळखले जाणारे गाव. आमच्या घरची विळी आणि शेतावरचे विळे-कोयते या लोहाराच्या हातचे असत. त्याच्या वडिलांच्या काळी पात्याचे अंग मऊ लोखंडाचे असे आणि महाग पोलादाची पट्टी तेवढी धारेपुरती ठोकून जोडीत. पुढे मालमोटारी आल्या, त्यांच्या मोडक्या कमानींचे पाटे भंगारात मिळू लागले आणि सबंध पाते एकाच पाट्यातून निघू लागले. माल बदलला, पुरवठादार बदलला. विळ्याचा आकार मात्र तोच राहिला.

गिऱ्हाइकास आकार दिसतो, आतला फरक दिसत नाही. कमानीच्या पोलादात शेकडा अर्ध्या भागाहून थोडा अधिक कर्ब असतो. शिवाय सिलिकॉन, मँगनीज किंवा क्रोमियम असते. असे पोलाद पाण्यात विझविल्यास तडकण्याचे भय असते. त्यास तेल लागते. नंतर मंद आचेवर पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा उतरवावा लागतो. भंगारातल्या पाट्यावर त्याचे कुलशील लिहिलेले नसते. म्हणून आमचा लोहार आधी एक तुकडा विझवी, ऐरणीवर मोडी आणि मोडलेल्या जागेचा कण डोळ्याशी धरून पाही. कण बारीक दिसला, तरच तो पुढच्या कामास हात घाली.

असा बदल मोठमोठ्या कारागिरांसही जड गेला आहे. बेंजामिन हंट्समनने 1740 च्या सुमारास मुशीत वितळविलेले पोलाद काढले, तेव्हा शेफील्डच्या चाकूवाल्यांनी ते फार कठीण म्हणून नाकारले, असे सांगतात. फ्रेंचांनी ते घेतल्यावर शेफील्डचे डोळे उघडले. त्याच गावी 1913 साली हॅरी ब्रिअर्लीने न गंजणारे पोलाद केले, तर न कापणाऱ्या सुऱ्यांचा जनक म्हणून त्याची थट्टा झाली.

आमच्या मुलखाची कथा याहून निराळी. वर्धा नदीपलीकडे चांदा जिल्ह्यात लोहारा येथे उत्तम लोहखनिज आहे. त्यावरील एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल 1882 साली जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. वरोऱ्याचा कोळसा जवळच होता, पण तो पोलादाच्या भट्टीस उपयोगी ठरला नाही. अखेर टाटांचे पोलाद 1912 साली दूर साकचीस, म्हणजे आजच्या जमशेदपुरास, निघाले. आणि खनिजाच्या डोंगराशेजारचा लोहार परगावच्या पोलादाचा गिऱ्हाईक झाला.

ज्याच्या हाती मालाची निवड राहिली नाही, त्याच्या हाती काय उरते? एकदा विळा देताना तो म्हणाला, "मास्तर, या खेपेचा पाटा नवा हाय. आठ दिवस वापरून पहा, मंग पैसे द्या." विळा कापणीत मोडला तर त्याचा तुकडा मजूर बाईच्या हातात घुसेल, हे तो जाणून होता. बाजारातली चकचकीत सुरी याहून स्वस्त असते, परंतु तिचे पोलाद केव्हा बदलले हे सांगावयास तिच्या मागे कोणी उभा नसतो.

आम्ही शिक्षकही माल बदलतो. अभ्यासक्रम बदलतात, पुस्तके बदलतात, पदवीवरील शिक्का तोच राहतो. आणि या खेपेचा पाटा नवा आहे, असे पालकांस सांगण्याची चाल आमच्यात नाही. माल बदलण्याचा अधिकार प्रत्येक कारागिरास आहे. त्याबरोबर आठ दिवसांची मुदत देण्याची तयारीही असावी, इतकेच आमचे म्हणणे आहे.