मागच्या जाळीला ओला रुमाल

पहिलं मशीन मी ९०० रुपयांना घेतलं आणि त्याच दिवशी गमावलं.

आमचं घर करकंबला, रस्त्याच्या कडेला. पुढच्या खोलीत माझं शिवणाचं दुकान, मागे सासूबाईंची खोली. ऊसतोड सुरू झाली की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर दारावरून जातात. कुणी पाचट पेटवलं की काळ्या पापड्या उडत येऊन वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतात. त्यात दुकानातली सुताची लव. सासूबाईंना दमा. झाडू फिरवला की जमिनीवरची धूळ उठते आणि त्यांच्या छातीत जाते, म्हणून व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचं ठरवलं. नवा परवडत नव्हता.

ओळखीतल्या एका घरी लालभडक, पुसूनपासून ठेवलेलं मशीन मिळालं. मालकांनी बटण दाबलं, भर्रकन आवाज आला, पाइपाचं तोंड तळहाताला चिकटलं. मी पैसे मोजले. घरी वीस मिनिटं चालवलं आणि केस जळल्यासारखा वास सुटला.

गावात मोटारी भरून देणारे एक मिस्त्री आहेत. विहिरीच्या, बोअरच्या जळक्या मोटारींचा ढीग कायम दुकानापुढे. त्यांनी चार स्क्रू काढले, आतला स्पंज उचलला, मागची पांढरी पूड चिमटीत घेऊन चोळली.

"पुट्टी हाय ही, वहिनी. घर रंगवल्यावर घासलेल्या भिंतीची धूळ ओढलीय ह्यानं."

ही पूड इतकी बारीक की कापडी पिशवीतून आरपार जाते आणि बेअरिंगमध्ये बसते. बोअरची मोटार मिनिटाला २,९०० च्या आसपास फिरते, हे यंत्र २०,००० च्या वर. तेवढ्या वेगात बेअरिंगमध्ये कचकच म्हणजे संपलंच. "पेटीचा रंग काय बघता," ते म्हणाले, "बैल घेताना झूल बघता का दात?" माझे वडील पंढरपूरच्या कार्तिकीच्या बाजारात खिलार बैलाचे दात मोजायचे, त्याला चालवून बघायचे, मग रुमालाखाली बोटं धरून भाव करायचे. मी मात्र झूल बघून आले होते.

दुसऱ्या वेळी मिस्त्रींचं ऐकून गेले. एक कुटुंब मुलाकडे पुण्याला राहायला चाललं होतं, सामान काढत होतं. मी आधी बटणाला हातच लावला नाही. पेटीवर हात ठेवला, गार होती. आधीच तापवून ठेवलेलं यंत्र सुरू होताना कुरकुर लपवू शकतं. वायर शेवटापर्यंत ओढली. मध्ये चिकटपट्टी असेल तर आत जोड असतो. पाइप ताणून उजेडाकडे धरला. तो मुठीजवळच्या वळणावरच फाटतो, आणि भेग असली की यंत्र तिथूनच हवा पितं. पिशवीमागचा स्पंज काढून बोटानं पुसला. मातकट धूळ होती, पांढरी नव्हती. तिथे निम्मा जीव भांड्यात पडला.

मग चालू केलं. पाइपाचं तोंड हातानं दाबलं की आवाज बारीक, चिरका व्हायला हवा. हवा अडली की पंख्यावरचा भार हलका होतो आणि मोटार आणखी जोरात पळते. आवाज बदललाच नाही तर कुठेतरी गळती आहे. खोलीतला दिवा बंद करून मागच्या जाळीतून आत डोकावले. विहिरीच्या मोटारीला कार्बन, म्हणजे फिरत्या भागावर घासून वीज पोचवणारे तुकडे, नसतात. मिक्सर, ड्रिल आणि हे, तिघांची जात एक, तिघांत कार्बन असतात. बारीक निळसर ठिणग्या चालतात. गोल कडं पेटल्यासारखं दिसलं तर कार्बन झिजलेत, किंवा ज्यावर ते घासतात तो भाग खराब आहे. पंधरा मिनिटं चालवून बंद केलं आणि कान लावला. आवाज विरत विरत गेला, मध्ये खरखर नाही.

त्या घरातले काका सारखे "बाराशे वॅटचं आहे, बाराशे" म्हणत होते. बाराशे वॅट हे यंत्र खातं किती त्याचं माप. ओढतं किती ते वेगळंच. मी काही बोलले नाही, वयानं मोठे होते.

शेवटचं बघणं मात्र माझ्या मनाचं. दम्याच्या माणसासाठी यंत्र पुढून काय ओढतं यापेक्षा मागून काय सोडतं ते महत्त्वाचं. पांढरा रुमाल ओला करून, पिळून मी हवा बाहेर येते त्या जाळीपुढे धरला. काकू हसल्या. पण ह्या यंत्राची सुरुवातच रुमालानं झाली. १९०१ साली लंडनमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरनं हॉटेलातल्या खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून तोंडानं हवा ओढली होती आणि रुमालाला लागलेली धूळ बघितली होती. माझा रुमाल पाच मिनिटांत राखाडी झाला. पिशवी एका कोपऱ्यात उसवली होती, झाकणाचं रबर कडक झालेलं. मोटार चांगली, बाकी दुरुस्तीचं. २,००० चे १,४०० केले.

रबर मिस्त्रींनी बसवलं. पिशवी मी शिवली. अमेरिकेत जेम्स स्पँग्लर नावाचा एक सफाई कामगार होता, त्यालाही दमा. त्यानं पंख्याची मोटार, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून हातात धरायचं मशीन बनवलं, १९०८ मध्ये पेटंट मिळवलं. अभ्रा म्हटल्यावर मला धीर आला. पहिली पिशवी मलमलची. रुमाल पुन्हा राखाडी. दुसरी जाड मांजरपाटाची दुहेरी. रुमाल स्वच्छ, पण ओढच गेली, यंत्र नुसतं किंचाळायला लागलं. तिसरी बाहेरून एकेरी मांजरपाट आणि आतून लग्नात वाटतात त्या नॉनवोव्हन पिशवीचं कापड. ही जमली. ती झटकायला मी रस्त्यापलीकडे जाते, तोंडाला पदर बांधून, सासूबाई आत असताना. घरातच झटकली तर सगळा खटाटोप वाया.

त्यांचा छातीचा पंप चालूच आहे. तो सुटला असं मी म्हणणार नाही. पण लव काढताना आता त्यांना उठून बाहेर बसावं लागत नाही. दर आठवड्याला ओला रुमाल त्याच धरतात आणि खिडकीपाशी नेऊन बघतात. परवा म्हणाल्या, "अगं, डाव्या बाजूला अजून डाग येतोय." येतो खरा, नखाएवढा. मिस्त्रींना सांगितलंय. सध्या गावातल्या मोटारी रोज जळतायत, त्यातून सवड झाली की येतो म्हणाले.