उज्जैनीतील वर्षअखेर

नाताळ सरला की आमच्या वसईकडील गावांत एक निराळाच आठवडा सुरू होतो. गव्हाणीची आरास अजून उतरलेली नसते, लग्नांच्या मांडवांस जागा पुरत नाही, आणि सगळ्यांचे डोळे ३१ डिसेंबरच्या रात्रीकडे लागलेले असतात. जुन्या वर्षाचा म्हातारा जाळावयाचा, गाणी म्हणावयाची, एकमेकांस आलिंगन द्यावयाचे, हे सारे चांगलेच आहे. परंतु त्या रात्री आमच्याकडे बाटलीवाचून कोणाचे पान हलत नाही, हेही वाचकांस आम्ही नव्याने सांगावयास नको.

आमच्या धाकट्या बंधूंनी गेल्या फेब्रुवारीत पिणे सोडले. त्याआधीची नऊ वर्षे आमच्या घरात कशी गेली ते येथे लिहिण्याचे कारण नाही. एवढेच सांगतो की, सायंकाळी सहाच्या सुमारास अंगणातील फाटक वाजले की त्यांची दोन्ही मुले आपापली पुस्तके उचलून आमच्या खोलीत येत. धाकटा तेव्हा जेमतेम सात वर्षांचा होता. कोणी सांगितल्यावाचून त्याला हे कळत असे.

दहा महिने निभावले. आता वर्षअखेर आली. भावजयीने आमच्यापाशी येऊन हळूच म्हटले, “दादा, त्या रात्री आपण येथे नसलो तर?” कोठे जावे याचा विचार सुरू झाला. गोव्याचे नाव कोणी काढले नाही, हे सांगणे नलगे. मुलांना मोकळेपणी हिंडता येईल आणि रात्र गिलासांच्या किणकिणाटावाचून सरेल, असे ठिकाण हवे होते. मध्य प्रदेश सरकारने १ एप्रिल २०२५ पासून उज्जैनसह काही तीर्थक्षेत्रांत दारूची दुकाने बंद केल्याचे आम्ही वर्तमानपत्रात वाचले होते. शिवाय धाकट्याला ताऱ्यांचे वेड. तेथे जुनी वेधशाळा आहे असे ऐकताच त्याने आपला हट्ट सोडला नाही. अशा रीतीने ३० डिसेंबरच्या रात्री बोरिवलीहून अवंतिका एक्सप्रेसमध्ये आम्ही सहा जण बसलो. अवंतिका हे उज्जैनचेच जुने नाव.

गाडीत आम्हांस मनातल्या मनात हसू आले. ज्या नगरीकडे आम्ही सोवळ्या रात्रीच्या शोधात निघालो होतो, तिची प्राचीन कीर्ती अगदी उलट आहे. कालिदासाने आपल्या मेघाला वाट वाकडी करून उज्जयिनी पाहावयास सांगितले, ते तेथील प्रासाद आणि स्त्रियांचे चंचल नेत्र पाहण्यासाठी. तेथील अंधारात प्रियकराकडे निघालेल्या स्त्रियांना विजेची रेघ दाखवून वाट उजळ, पण गर्जू नकोस, असेही तो त्याला बजावतो. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकात तर हीच नगरी आहे, आणि तीत गणिकांचे वाडे आहेत, जुगाराचे अड्डे आहेत, भिंतीला भोक पाडणारे चोर आहेत. रात्रीच्या नादांसाठी एके काळी एवढे नाव मिळवलेले दुसरे शहर आपल्या जुन्या वाङ्मयात क्वचितच सापडेल.

सकाळी उतरलो तेव्हा माळव्याच्या थंडीने आमची किनाऱ्यावरची हाडे हलवून सोडली. पोहे, जिलबी आणि वाफाळता चहा पोटात गेल्यावर जरा धीर आला. नववर्षाच्या दर्शनासाठी लोटलेल्या गर्दीने रस्ते फुलून गेले होते. त्या गर्दीतून वाट काढीत आम्ही बारा वाजण्यापूर्वी वेधशाळा गाठली.

ही वेधशाळा जयपूरचे सवाई जयसिंग यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, ते माळव्याचे सुभेदार असताना बांधली. दिल्ली, जयपूर, मथुरा आणि काशी येथेही त्यांनी वेधशाळा उभारल्या; त्यांतील मथुरेची आज उरलेली नाही. उज्जैनची निवड काही उगाच केलेली नव्हती. आपल्या जुन्या ज्योतिषशास्त्रात मध्यरेषा याच नगरीवरून जाते असे मानीत, जसे आज जग ग्रिनिचवरून मानते. मधल्या काळात ही यंत्रे मोडकळीस आली होती. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांनी १९२३ साली त्यांचा जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपटे हे मराठी ज्योतिर्विद तेथील पहिले अधीक्षक झाले, हे वाचून आम्हांस उगीचच आपल्या माणसाचे घर लागल्यासारखे वाटले.

सम्राट यंत्र म्हणजे एक उंच तिरपी भिंत. तिची कड नेमकी ध्रुवाकडे रोखलेली, आणि दोन्ही अंगांस खुणा कोरलेल्या कमानी. भिंतीची सावली कमानीवर पडते आणि सरकते. टक लावून पाहिले तर सावली सरकताना प्रत्यक्ष दिसते. धाकट्याच्या मनगटावर बापाने नाताळात दिलेले नवे घड्याळ होते. (बापाने नाताळात मुलाला काही आणून देण्याची ही पहिलीच वेळ; मुलगा ते झोपतानाही काढीत नाही.) त्याचे घड्याळ बारा दाखवीत होते आणि सावली साडेअकराच्या खुणेवर रेंगाळत होती. त्याचा चेहरा पडला.

“काका, घड्याळ बिघडले.”

तेथील एका कर्मचाऱ्याने त्याला जवळ बसवून समजावले. आपल्या देशाची घड्याळे ८२½ अंश रेखांशावरच्या, म्हणजे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेच्या वेळेने चालतात. उज्जैन त्या रेषेच्या पश्चिमेस असल्यामुळे सूर्य येथे सुमारे २७ मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. शिवाय सूर्याची चाल वर्षभर एकसारखी नसते. कधी तो पुढे असतो, कधी मागे, आणि डिसेंबरच्या अखेरीस तो तीनएक मिनिटे मागे पडलेला असतो. दोन्ही मिळून अर्धा तास. मग आम्ही कागदावर हिशेब मांडला: आमच्या वसईत हाच पहिला फरक सुमारे ३९ मिनिटांचा भरतो. आमच्या गावी रोज दुपारचे बारा किती लवकर वाजतात, हे आम्हांस पन्नाशी उलटल्यावर उज्जैनीत कळले.

“म्हणजे घड्याळ बरोबर, आणि सूर्यही बरोबर?” मुलाने विचारले.

“दोघेही बरोबर,” आमचे बंधू म्हणाले. “फक्त फरक ठाऊक पाहिजे.”

कर्कवृत्त येथून जवळच असल्याने जूनच्या २१-२२ तारखेस भर मध्यान्ही शंकूची सावली जवळजवळ नाहीशी होते, हेही तेथे समजले. आमच्याकडे ती मेच्या मध्यावरच पायाखाली जाते. आवारात २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेले, सूर्योदय ते सूर्योदय असा दिवस धरून तीस मुहूर्त दाखवणारे घड्याळही एका मनोऱ्यावर आहे. पण मुलाचे चित्त त्या जुन्या भिंतीवरच खिळले. दीड तासाने त्याला हाताला धरून बाहेर काढावे लागले.

सायंकाळी क्षिप्रेच्या रामघाटावर पायऱ्यांवर बसून आरतीचे दिवे पाहिले. पुतणी नदीकडे पाहत होती, आम्ही तिच्या बापाकडे. सहा वाजले, सात वाजले. फ्रीगंजच्या टॉवर चौकात चाट खाताना त्यांचा हात किंचित थरथरत होता; थंडीने म्हणा. महाकालाच्या मंदिराभोवती २०२२ साली उघडलेला नवा विस्तार दिव्यांनी झगमगत होता. त्या गर्दीत मुले खांद्यावर घेऊन चालणारे बाप आम्ही शेकड्यांनी पाहिले. पहाटेच्या भस्म आरतीसाठी मध्यरात्रीच रांग धरावयास निघालेली कुटुंबे होती, म्हाताऱ्या होत्या, शालीत गुंडाळलेली तान्ही बाळे होती. उज्जैन आजही रात्रभर जागते, पण आजीबाईंना बरोबर घेऊन.

खरी कसोटी लॉजच्या खोलीत होती. साडेदहा वाजले होते, झोप कोणालाच येत नव्हती, आणि बंधू खिडकीशी उभे राहून खालचा रस्ता पाहत होते. तेव्हा आम्ही मुलांना ‘मृच्छकटिका’ची गोष्ट सांगावयास घेतली. देवलांनी तिचे मराठी संगीत नाटक केले आणि आमच्या आजोबांच्या पिढीने ते डोक्यावर घेतले. वसंतसेना कोण, असे पुतणीने विचारताच भावजयीने आमच्याकडे पाहिले. आम्ही ‘नगरीतील एक श्रीमंत नर्तकी’ एवढ्यावर भागवले. धाकट्याला रोहसेन आवडला. शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून मातीची गाडी नको, तशीच हवी म्हणून तो रडतो, आणि वसंतसेना आपले दागिने काढून ती मातीची गाडी भरून देते. नाटकात एवढे जुगारी, चोर आणि राजाचे मेहुणे. पण नाव मात्र पोराच्या खेळण्याचे.

मग संवाहकाचा प्रसंग आला. हा पाय चेपणारा सेवक जुगाराच्या नादी लागून दहा मोहरा हरतो, धनको मागे लागतात, आणि तो उलट्या पावलांनी एका ओसाड देवळात शिरून मूर्तीसारखा निश्चल उभा राहतो. धनको आत येतात. ही मूर्ती नव्हे हे त्यांनी ताडलेले असते. ते तेथेच फासे टाकावयास बसतात. फाशांचा खुळखुळाट ऐकून मूर्तीला राहवत नाही, आणि पुढचा डाव माझा म्हणत ती खेळात उडी घेते.

मुले खदखदून हसली. खिडकीपाशी बंधू हसले नाहीत.

“पुढे काय होते त्याचे?” त्यांनी विचारले.

आम्ही सांगितले: वसंतसेना त्याचे कर्ज फेडते, तो जुगार सोडून भिक्षू होतो, आणि शेवटी गळा दाबून मेली समजून टाकून दिलेल्या वसंतसेनेला तोच शुद्धीवर आणतो.

“पुन्हा कधी फासे ऐकू येतात का त्याला?”

याला नाटकात आम्हांस उत्तर आठवेना. ते येऊन मुलांच्या मध्ये बसले. एवढ्यात बाहेर फटाके वाजू लागले, घंटा घणघणल्या, आणि धाकट्याने मनगट दिव्याशी नेऊन जाहीर केले की घड्याळात बारा वाजले असले तरी सूर्याच्या हिशेबाने अजून साडेअकराच झाले आहेत. तेव्हा आणखी अर्धा तास गोष्ट चालली पाहिजे. ती चालली. बारा वाजता बाप घरात असलेले हे त्याच्या आठवणीतील पहिले नववर्ष होते, ही गोष्ट मात्र खोलीत कोणी उच्चारली नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्सा ऐकून आम्ही भैरवगढास गेलो, बाटिकची छपाई पाहण्यासाठी. वितळलेले मेण कापडावर उतरते, मग कापड रंगात बुडते, मेणाच्या जागी रंग बसत नाही, आणि मेणाला गेलेल्या बारीक तड्यांतून रंग शिरून कापडावर शिरा उमटतात. शेवटी उकळत्या पाण्यात मेण सुटते. पुतणीला कारागिराने स्वतः दोन रेघा ओढू दिल्या.

या वस्तीच्या जवळच कालभैरवाचे देऊळ आहे. तेथे मद्याचा नैवेद्य दाखवितात. बशी मूर्तीच्या ओठांशी धरतात, आणि उरलेले भाविकास प्रसाद म्हणून परत मिळते. शहरातील दुकाने बंद झाली तरी ही प्रथा चालू राहिली आहे. तो त्यांच्या श्रद्धेचा भाग आहे. पाहुण्यांनी त्यावर बोलू नये असे आम्हांस वाटते. आम्हांला ठाऊक होते, तरी रिक्षा नेमकी त्या वाटेने परतेल हे आमच्या ध्यानी आले नव्हते. गर्दीमुळे रिक्षा अडली. देवदर्शन करून आलेले एक वृद्ध गृहस्थ, चेहऱ्यावर निर्मळ आनंद, आसपासच्या सर्वांना हातावर थेंब देत आमच्यापर्यंत पोहोचले. वास आला. भावजयीने आमच्या पत्नीचा हात घट्ट धरला. आम्ही काही बोलण्यापूर्वीच बंधूंनी हात जोडून कपाळाला लावले आणि मोडक्या हिंदीत त्यांना सांगितले, “बाबा, माझा वाटा मी केव्हाच संपवला.”

म्हातारेबुवा मनापासून हसले आणि धाकट्याच्या डोक्यावर हात ठेवून पुढे गेले. रिक्षा सुटली. बराच वेळ बंधूंनी दोन्ही हात गुडघ्यांखाली दाबून धरले होते.

सांदीपनी आश्रम, भर्तृहरीची गुंफा, बायजाबाई शिंद्यांनी बांधविलेले गोपाळ मंदिर, हे सगळे आम्ही धावत पाहिले. त्याविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे.

घरी येऊन आता तीन आठवडे झाले. अंगणात विहिरीच्या कडेला बापलेकांनी बांबूची एक काठी रोवली आहे, ध्रुवाकडे रोखून १९ अंशांहून थोडी अधिक तिरपी, कारण आमच्या वसईचे अक्षांश तेवढेच. बाप घड्याळ पाहून हाक देतो, मुलगा चुन्याने खूण करतो. आठ वाजल्यापासून पाचापर्यंतच्या खुणा रविवारी पुऱ्या झाल्या. सहाची मात्र अडली. या दिवसांत सहा वाजता ऊन शेजारच्या ताडांआड गेलेले असते आणि अंगणात सावलीच उरत नाही. तरी रोज त्या वेळी दोघे काठीपाशी जाऊन पाहतात. सहाची खूण मे महिन्यात करावयाची, असे त्यांचे ठरले आहे.