बाभळीचा बुडखा

'वार्षिकासाठी काहीतरी लिहा. पण स्वतः पाहिलेले, भोगलेले लिहा,' असे आमच्या मराठीच्या सरांनी वर्गात सांगितले, तेव्हा मी मान खाली घातली. माझ्या पोतडीत सांगण्यासारखे काय आहे? ना मी समुद्र पाहिला, ना हिमालय. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. आबांचा अंगठा होता, अण्णा चौथीपर्यंत शिकलेले. त्या रात्री वसतिगृहाच्या खोलीत कोऱ्या कागदाकडे बघत कितीतरी वेळ बसलो आणि मग मला आमच्या रानातला बाभळीचा बुडखा आठवला.

आमचे गाव मंगळवेढा तालुक्यात. काळ्याभोर, खोल मातीचा हा मुलूख. इथली मालदांडी ज्वारी प्रसिद्ध आहे. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण हीच माती उन्हाळ्यात पाय जाईल अशी भेगाळते आणि पावसाळ्यात चप्पल ओढून घेते. ती एकदा ज्याला धरते त्याला सहजासहजी सोडत नाही, माणसालाही आणि झाडालाही.

आमच्या रानाच्या बांधालगत आबांच्या वेळची एक बाभळ होती. १९७२ च्या दुष्काळात आबा आणि आजी खडी फोडायच्या कामावर जात, कामावर मिळालेली सुकडी पोरांसाठी पदरात बांधून आणत. त्या वर्षी रानात काडी नव्हती, तेव्हा याच बाभळीच्या पाल्यावर आणि शेंगांवर दोन शेळ्या जगल्या आणि शेळ्यांच्या दुधावर तात्या जगले, असे आजी सांगायची. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. अण्णांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

पुढे दोघा भावांच्या वाटण्या झाल्या. रान वाटले, विहिरीचे पाणी वाटले, तांब्याचे हंडेसुद्धा मोजून वाटले. बाभळ बांधाच्या अलीकडे, म्हणजे आमच्या वाट्यात आली. पण सावली दोन्हीकडे पडायची. 'बाभळ दोघांची,' एवढेच आबा म्हणाले होते. कागदावर ते कुठे लिहिलेले नव्हते.

२०२४ साली मी बारावी पास झालो. कॉलेजचा प्रवेश, वसतिगृह, खानावळ, पुस्तके असा सगळा हिशेब मी वहीच्या पानावर मांडून अण्णांच्या पुढे ठेवला. अण्णांनी तो वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, 'हुईल.' आठ दिवसांनी लाकडाचा व्यापारी आला. इंजिनाच्या करवतीने त्याने दुपारपर्यंत बाभळ आडवी केली. 'सोसायटीचं देणं व्हतं,' असे अण्णा म्हणाले. मी विश्वास ठेवला. खरे सांगायचे तर विश्वास ठेवणे मला सोयीचे होते.

त्या दिवसापासून तात्यांनी आमच्याशी बोलणे सोडले. एकाच बांधावर दोघे भाऊ पाठीला पाठ लावून काम करू लागले.

व्यापाऱ्याने लाकूड वाया जाऊ नये म्हणून झाड अगदी जमिनीलगत कापले होते. मागे राहिला तो बुडखा. पहिल्याच पावसात त्याला काटेरी धुमारे फुटले. नांगरणीला ट्रॅक्टर आला, की त्याला वळसा घालावा लागे. एकदा वळसा चुकला आणि मुळात अडकून फाळ तुटला. भाडे गेले, वर फाळाचे पैसे गेले. तेव्हा २०२५ च्या जून महिन्यात, सुट्टीत मी घरी असताना, अण्णांनी बुडखा काढायचे ठरवले. एका बुडख्यासाठी एवढ्या आडरानात खोदाईचे मोठे मशीन कोण आणणार? येण्याजाण्याचे भाडेच परवडणारे नव्हते.

पाऊस होऊन रानाला वाफसा आला होता. मी आणि अण्णा दोन दिवस टिकाव, पहार आणि फावडे घेऊन बुडख्याभोवती खणत होतो. आजूबाजूला पसरलेली मांडीएवढी मुळे कुऱ्हाडीने तोडली. बाभळीचे लाकूड किती चिवट असते, हे सांगायला नको. बैलगाडीचा तुंबा उगाच बाभळीचा करीत नसत. माझ्या हाताला फोड आले. पेन धरणारे हात ते! अण्णांनी ते पाहिले, पण काही बोलले नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड त्यांनी स्वतःकडे ठेवली आणि मला फावडे दिले.

तिसऱ्या दिवशी गावातला ट्रॅक्टर आणला. नायलॉनचा जाड दोर बांधून हिसका दिला. दोर ताणला, बारीक झाला आणि तुटला. त्याचे टोक सणकन मागे येऊन अण्णांच्या दंडाला लागले. मनगटाएवढा वळ उठला. तोंडावर बसले असते तर? मग साखळी लावली. ती ट्रॅक्टरच्या मागे उंचावर बांधली होती. ओढ लागली तशी पुढची दोन्ही चाके अलगद उचलली गेली. अण्णा जिवाच्या आकांताने ओरडले, 'सोड, सोड!' ड्रायव्हरने क्लच दाबला म्हणून बरे. नाहीतर ट्रॅक्टर त्याच्याच अंगावर उलटला असता. बुडखा तसूभरही हलला नव्हता.

आम्ही तिघे लिंबोणीखाली बसलो. तेव्हा मला शाळेतल्या विज्ञानाची आठवण झाली. मी म्हणालो, 'अण्णा, कप्पी लावली तर निम्म्या जोरात काम होतं.'

'आणि कप्पी कुठनं आणायची?' ड्रायव्हरने विचारले.

कोणीच बोलले नाही. कारण कप्पी कुठे आहे, हे तिघांनाही ठाऊक होते. तरुणपणी तात्या विहिरी खोदायच्या यारीवर कामाला होते. त्या यारीची लोखंडी कप्पी आणि तारेचा दोर त्यांच्या पडवीत टांगलेला होता.

'मी जाणार न्हाई,' अण्णा म्हणाले. 'तुला जायाचं असंल तर जा.'

मी गेलो. तात्या अंगणात दावे वळत बसले होते. मोठ्या आईने पाणी दिले. मी चाचरत काम सांगितले. तात्यांचे हात थांबले नाहीत.

'बाभळ कशापायी गेली, ठावं हाय का तुला?'

'सोसायटीचं देणं...'

'सोसायटीचं न्हाई. तुझ्या फीपायी गेली.' मग बराच वेळ ते दाव्याला पीळ देत राहिले. 'झाडाचं दुःख न्हाई रं मला. तुझ्या बानं मला एका शब्दानं इचारलं असतं, तर फीचं पैसं मीच दिलं असतं. आपल्या घरातलं पयलं पोरगं कालिजात चाललंय आन् थोरल्या भावाला ते लाकूडवाल्याकडनं कळावं?'

मी काय बोलणार? खाली मान घालून उभा राहिलो. एक वर्षभर मी वसतिगृहात जेवत होतो, ग्रंथालयात कादंबऱ्या वाचत होतो, आणि इकडे माझ्या पावतीपायी दोन भावांच्या घरांतली ये-जा बंद पडली होती. हे मला खरोखर ठाऊक नव्हते, की मी ठाऊक करून घेतले नव्हते?

तात्या उठले. कप्पी आणि दोर काढून त्यांनी माझ्या खांद्यावर दिला. 'ने. मी येनार न्हाई.'

रानात आल्यावर मी मोठ्या ऐटीत कप्पी बांधायला घेतली. जवळपास मजबूत झाड एकच होते, बांधापलीकडचा तात्यांचा लिंब. मी कप्पी लिंबाला बांधली, दोराचे एक टोक बुडख्याला आणि दुसरे ट्रॅक्टरला. एवढ्यात पाठीमागून आवाज आला, 'ह्येच शिकीवत्यात व्हय कालिजात?'

तात्या बांधावर उभे होते.

'कप्पी झाडाला बांधलीस तर नुसती दिशा बदलंल, जोर तेवढाच लागंल. कप्पी बुडख्याला बांध. दोराचं टोक लिंबाला, दोर कप्पीतनं माघारी, आन् दुसरं टोक ट्रॅक्टरला.'

मी ओशाळलो. स्थिर कप्पी आणि चल कप्पी यांतला फरक मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते! कप्पी बुडख्याबरोबर सरकली पाहिजे; मग ट्रॅक्टर दोन हात पुढे जाईल तेव्हा बुडखा एक हात हलेल, आणि जोर मात्र दुप्पट लागेल. अर्धा भार ट्रॅक्टरने घ्यायचा, अर्धा लिंबाने.

पण त्यासाठी ट्रॅक्टर बांध ओलांडून तात्यांच्या रानात उभा करावा लागणार होता. त्यांचे रान पाळी घालून मऊ केलेले. ड्रायव्हर घुटमळला. तात्या म्हणाले, 'घाल. चाकं उमटली तर उमटू देत.'

मग तात्या खड्ड्यात उतरले. सोटमुळाला हात लावून पाहिला. ओढायच्या उलट बाजूची दोन मुळे आमच्या नजरेतून सुटली होती, ती त्यांनी तोडायला लावली. लिंबाची साल सोलू नये म्हणून दोराखाली गोणपाट घातले. बुडखा जमिनीलगत कापल्यामुळे त्याला उंची नव्हती. म्हणून पुढच्या अंगाला एक ओंडका उभा करून साखळी त्याच्यावरून घेतली, म्हणजे ओढ नुसती आडवी न लागता वरच्या अंगालाही लागते. ट्रॅक्टरला दोर खाली हुकालाच बांधला. ताणलेल्या दोरावर ओली पोती टाकली. तारेचा दोर तुटला तर पोत्यांमुळे त्याचा झटका कमी होतो. आणि मग तात्यांनी दोराच्या रेषेतून सगळ्यांना लांब हाकलले. 'तू बी सर,' असे ते म्हणाले, ते अण्णांकडे न बघता. अण्णा सरले.

ट्रॅक्टर सगळ्यात खालच्या गियरमध्ये मुंगीच्या पावलाने निघाला. दोर करकरला. लिंबाचा शेंडा थरथरला, चार पिकल्या लिंबोळ्या खाली पडल्या. क्षणभर काहीच झाले नाही. मग बुडख्याभोवतीच्या मातीला बारीक भेग पडली. जमिनीच्या पोटातून कण्हल्यासारखा आवाज आला, सोटमूळ बंदुकीच्या बारासारखे तुटले आणि बुडखा कुशीवर वळून वर आला. त्याला चिकटलेली माती ओली आणि काळीशार होती. त्या खोलीवरची माती आमच्यापैकी कोणीच कधी पाहिली नव्हती.

मला वाटले, आता दोघे भाऊ बोलतील, गळ्यात पडतील. कथा-कादंबऱ्यांत तसे होते. इथे तसे काही झाले नाही. तात्या दोर गुंडाळू लागले. अण्णा खड्ड्याच्या काठावर उभे राहिले. दोर गुंडाळून झाल्यावर तात्या म्हणाले, 'खड्डा आजच बुजीव. रातच्याला जनावर पडंल.'

'बुजवतो,' अण्णा म्हणाले. आणि थोडे थांबून, 'तात्या, माझं चुकलं. इचारायला पायजे व्हतं.'

तात्यांनी ऐकले. काही न बोलता कप्पी खांद्यावर टाकून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी बुडखा फोडला. जळणाचे दोन सारखे ढीग केले आणि एक ढीग गाडीत भरून मला तात्यांच्या अंगणात टाकायला सांगितले. तात्यांनी एक ढलपी उचलून हातात तोलली. 'वलं हाय अजून,' ते म्हणाले. 'वाळायला येळ लागंल.'

कॉलेज सुरू व्हायच्या वेळी मी निघालो, तेव्हा अण्णा म्हणाले, 'तात्याला सांगून जा.' मी पाया पडलो. तात्यांनी बंडीच्या खिशातून घडी घातलेल्या काही नोटा काढून माझ्या मुठीत कोंबल्या. किती आहेत ते मी एस. टी. त बसल्यावर मोजले. दुसऱ्या वर्षाच्या फीला त्यातले दोनशे रुपये कमी पडत होते. ते अण्णांनी दिले.

माझ्या ट्रंकेत दोन्ही वर्षांच्या पावत्या आहेत. दोन्हींवर नाव माझे एकट्याचेच छापलेले आहे.